कचरा, भंगार आणि किरणोत्सार

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केरी येथे केलेले भाषण)



चतुर्थी तोंडावर आलेली असताना कचऱ्यावर बोलायला उभे राहावे, हे जरा विचित्रच. पण आम्ही चौघे गेली काही वर्षे मंडळाच्या उत्सवातले निर्माल्य, पत्रावळी आणि प्लास्टिक वेगळे करण्याचे काम पाहतो. तेव्हा आमच्याकडून तुम्ही दुसरी अपेक्षाही केली नसेल. "आम्ही" म्हणतो ते याच चौघांसाठी. आमच्यापैकी एकाची सारी नोकरी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, किरणोत्साराची मोजमापे घेण्यात गेली. निवृत्त होऊन ते केरीला राहायला आले. बाकीचे आम्ही तिघे शाळा, बँक आणि पोस्ट यांतले. म्हणजे आज आम्ही जे सांगणार त्यातले शास्त्र त्यांचे आणि चुका आमच्या.

विषयाला सुरुवात झाली ती गेल्या चतुर्थीला. आमच्यातल्या एकाचा पुतण्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात असतो. तो सुट्टीवर आला होता. आरती झाल्यावर आम्ही ओला-सुका वेगळा करत बसलो होतो, तर त्याने सहज विचारले, "काका, तुमच्याकडे कचऱ्याची गाडी किरणोत्सारासाठी तपासत नाहीत का?" आम्ही हसलो. म्हटले, अरे, आमच्या कचऱ्यात केळीची पाने आणि नारळाच्या शेंड्या, त्यात कसला आलाय अणू! पण तो थट्टा करत नव्हता. त्यांच्याकडे घरगुती कचऱ्याच्या प्रत्येक डेपोच्या दाराशी किरणोत्सार मापक बसवणे नियमानेच सक्तीचे आहे. गाडी दोन खांबांमधून सावकाश जाते. काही वाजले तर तिला बाजूला घेतात.

आमचे तुर्भेवाले मित्र म्हणाले, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांच्याजवळ एक हातात धरायचा मापक आहे. तो घेऊन त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर आमच्या माटोळीखाली धरला! माटोळीला केळ्यांचा चांगला मोठा घड बांधला होता. केळ्यात पोटॅशियम असते आणि त्यातला एक छोटा अंश निसर्गतःच किरणोत्सारी असतो. एका केळ्यात सेकंदाला साधारण पंधरा अणू फुटत असतात. तुमच्या-आमच्या अंगात तर सेकंदाला चार हजारांहून जास्त. मापकाचा काटा अर्थातच हलला नाही, कारण हे इतके थोडे आहे की हातातल्या यंत्राला आजूबाजूच्या जमिनीतून आणि आकाशातून येणाऱ्या नेहमीच्या किरणांत ते वेगळे काढता येत नाही. हे आधी सांगतो, कारण किरणोत्सार हा शब्द ऐकला की माणसे एकदम घाबरतात. तो जगात सर्वत्र आहे. किती आहे आणि कुठे आहे, हा खरा प्रश्न.

आता दारावरचे ते खांब. त्यांत प्लास्टिकचे मोठे पाट असतात. गॅमा किरण त्यावर आदळला की क्षणभर अगदी बारीक प्रकाश चमकतो, तो मोजला जातो. गाडी नसताना किती चमका होतात ते यंत्राला ठाऊक असते. गाडी मधून जाताना त्याहून बऱ्याच जास्त झाल्या की घंटा वाजते. एवढेच. यंत्र "काहीतरी आहे" म्हणते, काय आहे ते सांगत नाही. ते पाहायला मग दुसरे, हातातले यंत्र आणावे लागते. जगभरात अशा घंटा ज्या गोष्टींनी वाजतात त्यांत पोटॅश खताची पोती, भिंतीच्या चिनीमातीच्या फरशा आणि मांजरांसाठी पसरतात ती माती येते. ही सगळी निरुपद्रवी. कचऱ्याच्या गाडीत मात्र सर्वांत जास्त वेळा घंटा वाजवतात ते माणसांचे लंगोट. हो, मोठ्या माणसांचे, आजारी माणसांचे.

इथे थोडे थांबावे लागेल.

थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-१३१ नावाचे औषध देतात. आयोडीन थायरॉइडच्या गाठीत जाऊन बसते आणि तिथल्या पेशी मारते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून हे काम चालते. आपल्याकडून मुंबईला उपचारासाठी जाणारे कितीजण असतात, हे तुम्हाला सांगायला नको. रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात, तिथल्या संडासाचे पाणीसुद्धा वेगळ्या टाकीत साठवून मुरू देतात. अंगातले प्रमाण पुरेसे उतरले की घरी सोडतात. घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहा, कपडे वेगळे धुवा, अशा सूचना असतात. लघवीतून औषध बाहेर पडते. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर ते लंगोटात येते, आणि लंगोट कचऱ्यात.

या आयोडीनचा गुण असा की दर आठ दिवसांनी ते निम्मे होते. सोळा दिवसांत पाव, चोवीस दिवसांत आठवा भाग, ऐंशी दिवसांत हजारावा हिस्साही उरत नाही. आणि अंगातून तर ते त्याहून कितीतरी लवकर जाते. म्हणून डेपोवर घंटा वाजली आणि तपासणीत आयोडीन निघाले की काय करतात? ती पिशवी कोपऱ्यात ठेवून देतात, बस. काळ आपले काम करतो. घरीही तसेच करता येते. रुग्णालयाने सांगितले असेल तितके आठवडे त्या पिशव्या घट्ट बांधून, तारीख लिहून, आवाराच्या एका टोकाला ठेवायच्या आणि मग नेहमीच्या कचऱ्यात द्यायच्या. कचरा उचलणाऱ्या मुलांसाठी एवढे करणे आपल्याला जड नाही.

पण आम्ही थांबलो ते यासाठी नव्हे. आपल्यातल्याच एक काकू काही वर्षांपूर्वी हे औषध घेऊन परतल्या. चतुर्थी आली तोवर पाच आठवडे उलटले होते. डॉक्टरांनी सगळी बंधने उठवलेली. तरी त्या वर्षी कुणीतरी म्हणाले, त्यांना पातोळ्या करायला बोलवू नका. पंगतीत त्यांचे पान शेवटाला, वेगळे मांडले गेले. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्यातला एकजण तेव्हा वाढत होता, आमचे तुर्भेवाले मित्रही घरात होते. पाच आठवड्यांनंतर त्यांच्या अंगात धोक्याचे काही उरलेले नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. पण सणाच्या दिवशी वाद नको म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. हे आज इथे सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. काकू समोर बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगतो आहोत.

तर घंटा वाजवणारी गोष्ट बहुतेक वेळा अशी असते, सौम्य आणि काही दिवसांची पाहुणी. आता उलट बाजू पाहू. जी गोष्ट माणसे मारते ती त्याच दारातून जाताना घंटा वाजवीलच असे नाही. याचे कारण शिसे.

कर्करोगाच्या उपचारासाठी, प्रयोगशाळांसाठी, कारखान्यांतल्या मापकांसाठी जे तीव्र किरणोत्सारी पदार्थ वापरतात ते शिशाच्या किंवा पोलादाच्या जाड आवरणात बंद असतात. आवरण शाबूत आहे तोवर बाहेर फारसे काही येत नाही. म्हणून माणसे शेजारी उभी राहून काम करू शकतात. पण म्हणूनच, भंगाराच्या ढिगाच्या पोटात असे बंद आवरण असेल तर दारावरच्या यंत्रालाही ते चुकू शकते. संकट सुरू होते ते पुढे, कुणीतरी आवरण फोडतो तेव्हा. आणि फोडतात का? कारण शिशाला भाव येतो.

दिल्लीच्या मायापुरीत हेच झाले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले एक यंत्र होते, पोटात कोबाल्ट-६० असलेले. १९८५ नंतर ते कुणी वापरले नव्हते. ज्यांनी आणले ते निवृत्त झाले, खोलीत अडगळ झाली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला. कोबाल्ट सव्वापाच वर्षांनी निम्मे होते, म्हणजे पंचवीस वर्षे पडून राहिले तरी ते विझलेले नव्हते. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले, शिसे वेगळे काढले गेले, आतले चकचकीत धातूचे तुकडे हातोहात फिरले. एकाने तर त्यातला तुकडा पाकिटात ठेवला होता. एप्रिलच्या सुरुवातीला एका दुकानदाराची कातडी काळी पडली, केस गळाले. तो रुग्णालयात गेला तेव्हा कुठे कुणाच्या लक्षात आले. बरेचजण आजारी पडले आणि एक कामगार त्या महिन्याच्या अखेरीस दगावला. विद्यापीठासारख्या ठिकाणी, शास्त्र शिकवणाऱ्या विभागात हे झाले. तेव्हा अडाणी भंगारवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

नावात आपल्या गोव्याची आठवण करून देणारे ब्राझीलमधले एक शहर आहे, गोयानिया. तिथे १९८७ च्या सप्टेंबरात एका बंद पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी उपचाराचे जुने यंत्र भंगारासाठी उचलून नेले. आत सीझियमची भुकटी होती आणि ती अंधारात निळी चमकायची. भंगारवाल्याने ती कौतुकाने सोयऱ्याधायऱ्यांना वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती हाताला लागलेली असताना तसेच जेवण केले. चारजण गेले, त्यात ती मुलगी होती आणि भंगारवाल्याची बायकोही होती. एक लाख बारा हजारांवर माणसांना तपासावे लागले, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते सापडले.

पण आम्हाला त्या गोष्टीतली ती बायको विसरता येत नाही. घरातली, शेजारातली माणसे एकाच वेळी उलट्या करू लागली आहेत आणि सगळे त्या चमकणाऱ्या वस्तूच्या आसपासचे आहेत, हे पहिल्यांदा तिने ओळखले. ती वस्तू पिशवीत घालून, बसमध्ये बसून, ती आरोग्य खात्याच्या कचेरीत घेऊन गेली. कुठल्याही यंत्राने नव्हे, एका गृहिणीने शोध लावला. पुढे त्या मुलीला पुरायला नेले तेव्हा लोकांनी स्मशानाशी दगड मारले. शहरातल्या माणसांना बाहेरगावच्या हॉटेलांत खोल्या मिळेनात. पंगतीतले वेगळे पान काय, आणि हे काय, जात एकच.

आवरण फुटल्यावर वस्तू भट्टीत गेली तर आणखी वेगळा प्रकार होतो. कोबाल्ट पोलादात मिसळून जाते आणि मग ते पोलाद हवे तिकडे जाते. १९८४ मध्ये मेक्सिकोत असे झाले होते. तिथल्या भंगारातून बनलेल्या सळयांची एक गाडी अमेरिकेत लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेजवळून जात होती, आणि रस्त्यालगतचे यंत्र वाजले. गाडी त्या रस्त्याला गेली म्हणून कळले. तोवर त्या सळया घरांत घातल्याही होत्या, मेक्सिकोत शेकडो बांधकामे पाडावी लागली. आणि फार लांब कशाला जा, आपल्या खोपोलीचे नाव यात आले आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले. बटणे जुळवणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना थोडाफार किरणोत्सार लागला होता. ते पोलाद भारतातून गेलेले, आणि मूळ ओतकाम रायगड जिल्ह्यात खोपोलीचे. भट्टीवाल्याने मुद्दाम काही केले नव्हते. भंगारातून काय आले ते त्याला दिसलेच नाही. कोबाल्ट पोलादासारखेच दिसते.

आता आपल्याकडे या. पेडण्यातला, डिचोलीतला सुका कचरा पंचायती गोळा करतात. साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, ओल्या कचऱ्यापासून तिथे गॅस आणि वीज होते. गोव्याने कचऱ्यात जे केले आहे ते पुष्कळ राज्यांना अजून जमलेले नाही, हे मोकळेपणाने म्हणावे. पण धातू त्या वाटेने जातच नाही. पितळेची कळशी, लोखंडी पलंग, जुना पंप आपण दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देतो. त्याची शेड, तिथून मोठा व्यापारी, तिथून भट्टी. डिचोलीच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा किती यंत्रे आणि किती ट्रक गंजत पडले, ते आपण डोळ्यांनी पाहिले. खनिजाच्या गाळाची घनता मोजायला, टाकीतली पातळी पाहायला, नळांचे सांधे तपासायला जगभर किरणोत्सारी मापके वापरतात. डिचोलीत असे काही भंगारात गेले, असे आमचे म्हणणे नाही. मालक बदलतो, कारखाना बंद पडतो, कागद हरवतात आणि यंत्र मात्र उरते, एवढेच म्हणणे आहे.

कायद्याची गंमत पाहा. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका, घरातला घातक कचरा, सगळे होते. किरणोत्सारी कचरा मात्र त्यांतून स्पष्टपणे वगळला होता, कारण त्याला वेगळे नियम आहेत, १९८७ चे, अणुऊर्जा कायद्याखाली केलेले. त्यांची अंमलबजावणी मुंबईची अणुऊर्जा नियामक परिषद करते. कागदावर हे बरोबरच आहे. पण ज्या पंचायतीच्या गाडीत ती वस्तू पडेल तिला त्या नियमांची ओळख नाही, आणि जे नियम जाणतात ते केरीच्या भंगारशेडमध्ये येत नाहीत. परदेशातून येणाऱ्या भंगाराला, ते किरणोत्सारमुक्त असल्याचा दाखला लागतो. घरच्या भंगाराला दाखला कोण देणार? तो पहिला आपणच द्यायचा, म्हणजे देताना वस्तू नीट पाहायची.

आम्ही आधी स्वतःची घरे पाहिली. आमच्यातल्या एकाचे आजोबा बोटीवर होते. त्यांचे गजराचे घड्याळ माळ्यावर होते, आकड्यांवर हिरवट लेप असलेले. ते आता अंधारात चमकत नाही, म्हणून आम्ही म्हटले, याच्यात काय राहिले असणार. मापक जवळ नेला आणि तो टकटक करत सुटला! चमकणारी भुकटी म्हातारी होते, पण तिला चमकवणारे रेडियम १,६०० वर्षांनी निम्मे होते. खरे रेडियम हे. नंबरप्लेटवर चिकटवतात त्या रंगीत पट्टीला आपण रेडियम म्हणतो, तिचा याच्याशी काही संबंध नाही, ती नुसता उजेड परतवते. घड्याळ कपाटात ठेवण्याने कुणाला काही झाले नसते. काच काढून मुलांनी तो लेप खरवडला, ती धूळ पोटात गेली, तर वाईट. ते आम्ही डब्यात बंद करून, वर चिठ्ठी लावून, बाहेरच्या न वापरत्या खोलीत ठेवले आणि नियामक परिषदेला पत्र लिहिले.

दुसरी वस्तू म्हणजे गॅसबत्तीची जाळी. दशावतारी नाटके ज्या उजेडात आपण पाहिली तो उजेड थोरियमचा होता. जुन्या जाळ्या बहुतेक घरांत एखाद्या पाकिटात सापडतील. त्यांना हात लावायला भिऊ नका, पण जळालेल्या जाळीची राख फुंकू नका, ओल्या कागदात गुंडाळा. तिसरी, छतावरची धूर ओळखणारी चकती. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आपल्या भागात हॉटेले वाढली आहेत. जुन्या पद्धतीच्या काही चकत्यांत अमेरिसियमचा कण असतो. खोलीत टांगलेली असताना ती तुमचा जीवच वाचवते. तोडून, जाळून कचऱ्यात टाकू नये, इतकेच.

या तिन्हींनी कुणी मरत नाही. खरी भीतीची वस्तू घरात नसते, ती शेडमध्ये येते. म्हणून आम्ही शेवटी आपल्या भागातल्या एका शेडमध्ये गेलो. चालवणारा बेळगावकडचा आहे, आमच्याशी मराठीत बोलतो, बायकोशी कानडीत. त्याला आम्ही दोन चित्रे दाखवली. एक तीन पात्यांचे जुने चिन्ह. दुसरे २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणलेले, लाल त्रिकोणात किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे म्हणूनच ते केले आहे. सांगितले की आकाराच्या मानाने फार जड, शिशाने मढवलेली, कुलपाची किंवा बिजागरीची वस्तू आली तर फोडायची नाही. आत काही चमकते दिसले, किंवा हातात धरल्यावर हात भाजल्यासारखा लाल झाला, तर टाकून लांब जायचे, मुलांना बाहेर काढायचे, ११२ ला फोन करायचा. वस्तू उचलून कुठे न्यायची नाही. गोयानियाच्या त्या बाईने नेली, तिची चूक नव्हती, पण तसे करू नये.

त्याने सगळे नीट ऐकून घेतले. चित्रे गणपतीच्या कॅलेंडरशेजारी चिकटवली. मग म्हणाला, "काका, बरोबर आहे तुमचे. पण शिसे आणणारा माणूस पैसे मागतो. मी त्याला दिले आणि फोडले नाही, तर माझे पैसे कोण देणार? आणि नको म्हटले तर तो पुढच्या शेडमध्ये जाऊन विकेल. तिथे फोडतील."

आमच्याकडे उत्तर नव्हते. साऱ्या तपासणीच्या यंत्रांना जो प्रश्न पडत नाही तो त्याला पडला होता. परतताना तेरेखोलच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर आम्ही बराच वेळ तेच बोलत बसलो.

म्हणून दोन गोष्टी मंडळापुढे ठेवतो. यंदाच्या वर्गणीतून एक छोटी रक्कम वेगळी ठेवावी. आपल्या भागातल्या शेडवाल्याने संशयाची वस्तू अडवून ठेवली आणि आम्हाला कळवले, तर तिची भंगाराची किंमत त्याला त्याच दिवशी मिळावी. वस्तू साधी निघाली तरी पैसे परत मागू नयेत. तपासायला मापक आमच्या मित्रांचा आहे, तो लांबूनच लावू आणि वाजला तर पुढचे काम सरकारी माणसांचे. ठरावाची प्रत आम्ही चिटणीसांकडे दिली आहे. अनुमोदन कोण देते ते पाहतो.

दुसरी गोष्ट ठरावाची नाही. पातोळ्यांसाठी हळदीची पाने यंदा काकूंच्या परसातली आणायची आहेत, आणि पातोळ्या थापायला पाटावर पहिल्या त्या बसणार आहेत. ज्यांना मदतीला यायचे असेल त्यांनी सकाळी सातला त्यांच्याकडे यावे.